त्वचेचे शुद्धिपत्र

मनुष्याची त्वचा साधारण अठ्ठावीस दिवसांत नवी होते. तळच्या थरात जन्मलेली पेशी सावकाश वर सरकते, वाटेत आपला गाभा टाकून देते, पृष्ठभागी येईपर्यंत एखाद्या पापुद्र्यासारखी पातळ आणि निर्जीव होते, आणि कुणाच्या नकळत गळून जाते. चंद्राला सारी नक्षत्रे ओलांडायला जवळजवळ एवढाच काळ लागतो. वाईच्या घैसास पंचांगाचे कर्ते अच्युतराव घैसास यांना हे साम्य फार आवडे. मात्र त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांवर, कोपरांवर आणि कमरेशी हा प्रवास चार दिवसांत उरकत असे. न पिकलेल्या पेशी घाईघाईने वर येत, एकमेकींना चिकटून थर धरीत, आणि लालसर चकतीवर अभ्रकासारखे पांढरे खवले साचत. सकाळी पत्नी शर्वरीबाई अंथरूण झटकीत, तेव्हा खिडकीतल्या कोवळ्या उन्हात चांदीचा चुरा तरंगल्यासारखा दिसे. ते दृश्य सुंदर होते. चाळीस वर्षांत दोघांपैकी कुणीही तसे बोलून दाखवले नव्हते.

हे शके १९७१ मधले, म्हणजे इंग्रजी २०४९ सालचे, वर्तमान. ग्रहांची गणिते आता यंत्रे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत करीत, आणि अच्युतरावांचे हस्तलिखित गणित ही केवळ एक उपासना उरली होती. तरीही कृष्णाकाठची काही हजार घरे घैसास पंचांगच विकत घेत. त्याचे कारण गणितात नव्हते, पहिल्या पानावर होते. अच्युतरावांच्या आजोबांनी घालून दिलेला नियम असा, की गतवर्षीच्या पंचांगात राहिलेली प्रत्येक चूक नव्या पंचांगाच्या पहिल्याच पानावर, मंगलाचरणाच्याही आधी, छापायची. त्या पानाचे नाव शुद्धिपत्र. पाडव्याला घाटावर पंचांगवाचन होई, त्याचा आरंभही शुद्धिपत्रानेच होई. आजोबा म्हणत, आपली तिथी चुकली तर कुणाचा तरी उपवास भलत्याच दिवशी पडतो. अशा उपवासाचे फळ कुणाला, असे एका म्हातारीने त्यांना एकदा विचारले होते. आजोबांनी उत्तर दिले होते, फळ उपवास करणाऱ्याला, दोष पंचांगकर्त्याला.

मुद्रिते तपासण्याची या घरातली रीतही जुनी होती. शर्वरीबाई छापील मजकूर मोठ्याने वाचीत, अच्युतराव समोर आपली हस्तलिखित प्रत धरून ऐकत. वाचलेले बरोबर असले की ते नुसते "हूं" म्हणत. चुकले की "थांब." सून म्हणून या घरात आल्यापासून शर्वरीबाईंनी चाळीस पंचांगे अशी वाचली होती, आणि त्या "हूं"च्या आधाराने त्यांचा आवाज नदीसारखा पुढे वाहत राही.

व्याधी प्रकटली ती त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वैशाखात. डाव्या गुडघ्यावर रुपयाएवढी चकती उठली. घरच्या डॉक्टरांनी गजकर्ण म्हणून मलम दिले. मलमाने ती दबली, आणि मलम थांबताच दुपटीने फोफावली. पुढे साताऱ्याच्या एका वृद्ध त्वचारोगतज्ज्ञांनी तिच्यावरचे खवले काचेच्या पट्टीने हलकेच खरवडले. खाली सुईच्या टोकाएवढे रक्ताचे थेंब उमटले. त्यांनी नखे पाहिली, तर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खळगे. ते म्हणाले, हा सोरायसिस. हा कुणाला लागत नाही, कुणाच्या पापाने होत नाही, आणि अजून तरी समूळ जात नाही.

अच्युतरावांच्या आईंनी या तीन गोष्टींतली शेवटची तेवढी लक्षात ठेवली. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्या घरात हे नव्हतं बाई." त्यांनी सुनेकडे पाहिलेही नाही. पाहण्याची गरज नव्हती. पायगुण हा शब्द उच्चारावा लागत नाही. तो घरात धुरासारखा पसरतो आणि भिंतींवर बसतो.

शर्वरीबाईंनी वाद घातला नाही. सूर्य हा त्वचेचा स्वामी, असे माहेरी ऐकले होते. त्यांनी दर रविवारी अळणी जेवण्याचे व्रत घेतले आणि पतीची त्वचा निर्मळ होईपर्यंत ते चालवण्याचा संकल्प केला. नात्यातल्या लग्नांत नवरीला हळद लावायला सुवासिनींना क्रमाने बोलावत. त्या क्रमात त्यांचे नाव कधी येत नसे, आणि पुढे पुढे त्या स्वतःच नेमक्या त्या वेळी भांडारघरात काही शोधायला जात. स्वतःच्या मुलीच्या, केतकीच्या, हळदीच्या दिवशीही त्या गव्हल्यांचा डबा शोधत राहिल्या. केतकीने हाका मारल्या. त्या ओल्या डोळ्यांनी, पण हसत, बाहेर आल्या तेव्हा हळद लावून झाली होती. अच्युतरावांनी ते पाहिले होते.

त्या वर्षी भाद्रपदात दोघे पाचगणीला गेले. पठाराच्या कडेला त्वचा-संशोधनाचे एक नवे केंद्र उभे राहिले होते. खाली कृष्णेचे खोरे ढगांनी काठोकाठ भरले होते, त्यामुळे ती इमारत एखाद्या पांढऱ्या सरोवराच्या काठी बांधल्यासारखी दिसत होती. जाण्याला निमित्त होते बोटांचे. उजव्या हाताची दोन बोटे सकाळी वळेनाशी झाली होती. व्याधी त्वचेतून सांध्यांत उतरू लागली होती, आणि लेखणी धरणाऱ्या माणसाला हा निरोप पुरेसा असतो.

तिथल्या डॉक्टर तबस्सुम बागवान साताऱ्याच्याच, पंचेचाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी सारे समजावून सांगितले ते असे. त्वचेत पहारेकरी पेशी असतात. एखाद्या जखमेच्या वा संसर्गाच्या वेळी त्या लढतात, आणि लढाई संपल्यावर त्यांतल्या काही तिथेच मुक्काम करतात, पुन्हा शत्रू आला तर ओळखावा म्हणून. ही त्वचेची स्मृती. सोरायसिसमध्ये या स्मृतीलाच भ्रम होतो. घरच्याच माणसाला शत्रू समजून पहारेकरी हाकाटी करतात, त्या हाकाटीने त्वचेच्या पेशी घाईने वाढत सुटतात आणि चकती उठते. आजवरची इंजेक्शने ही हाकाटी दाबत असत. पहारेकरी मरत नसत. म्हणून औषध थांबले की चकत्या पुन्हा त्याच जागी, त्याच आकाराने उमटत, पूर ओसरल्यावर जुन्या पायऱ्या दिसाव्यात तशा.

केंद्राने घडवलेले साधन होते पिंपळपानाएवढे आणि तितकेच पातळ. त्याला ते स्मृतिपर्ण म्हणत. त्याच्या पोटाशी केसाहून बारीक, न दुखणाऱ्या हजारो सुया होत्या. तीन प्रहर ते चकतीवर ठेवले की पहारेकरी पेशी वाचून काढी. आणि नुसते वाचत नसे, त्यांचा काळही सांगे. पेशींच्या जनुकांवर वर्षानुवर्षे रासायनिक खुणा साचत जातात. त्या मोजल्या की एखादी चकती प्रथम कधी उठली हे थोड्या महिन्यांच्या फरकाने कळते. ओळख पटली की तेच पर्ण स्निग्ध द्रव्याचे सूक्ष्म कण आत सोडी. ते कण फक्त त्या भ्रमिष्ट पेशी गिळत आणि विरून जात. स्मृती पुसली जाई. तिच्याबरोबर तिची तिथीही.

"पण सुरुवात मुळापासून करावी लागते," डॉक्टर म्हणाल्या. "पहिली चकती कुठली, कधीची? काका, तारीख नको, तिथी सांगितलीत तरी चालेल. आमच्या यंत्राला दोन्ही कळतं."

शर्वरीबाई शेजारीच बसल्या होत्या. अच्युतराव क्षणभर खिडकीबाहेरच्या ढगांकडे पाहत राहिले. मग त्यांनी ग्रहण सांगावे तशा स्वच्छ स्वरात सांगितले, "शके १९३१, वैशाख वद्य पंचमी. डावा गुडघा."

डॉक्टरांनी लिहून घेतले. शर्वरीबाईंनी मान खाली घातली.

आश्विन संपेपर्यंत त्वचा निर्मळ झाली. अच्युतराव नदीवर स्नानाला गेले आणि किती वेळ आपले कोपर पाहत उभे राहिले. ते कोपर त्यांना अनोळखी वाटत होते, लहानपणी हरवलेला भाऊ म्हातारपणी दारात उभा राहावा तसे. बोटेही वळू लागली. शर्वरीबाई अंथरूण झटकीत तेव्हा उन्हात आता काहीच उडत नसे. त्या तरीही क्षणभर थांबून त्या रिकाम्या उन्हाकडे पाहत. मग एका सकाळी त्यांनी अवघडत विचारले, की व्रताचे उद्यापन माघातल्या रथसप्तमीला करावे का. त्यांचा आवाज इतका हलका झाला होता, की अच्युतरावांना तो ओळखू येईना. लग्नाआधी कधीतरी तो तसा असला पाहिजे. केतकीला कळवायचे, चार सुवासिनी बोलवायच्या, सूर्याला बिनमिठाची खीर, आणि मग ज्याचे त्याला फिटले, असे त्या म्हणाल्या.

ते शेवटचे वाक्य अच्युतरावांच्या मनात अडकून राहिले.

मार्गशीर्षात चकत्या परतल्या. प्रथम कमरेशी, मग दोन्ही कोपरांवर, शेवटी डाव्या गुडघ्यावर. शर्वरीबाईंनी उद्यापनाच्या यादीचा कागद घडी घालून देवांच्या फडताळात ठेवला, आणि त्या रविवारी नेहमीचा अळणी भात कालवला. त्या दिवशी त्यांनी ताकही घेतले नाही. आपल्याच व्रतात कुठेतरी न्यून राहिले असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पाचगणीला पुन्हा गेले तेव्हा ऊन कोवळे होते आणि धुके पठारावरून गाईंच्या कळपासारखे सावकाश चालले होते. शर्वरीबाई थोडे फिरून येते म्हणून बाहेर गेल्या. डॉक्टर बागवानांनी पडद्यावर एक आकृती उघडली. ती वंशवृक्षासारखी होती.

त्या म्हणाल्या, पोथीच्या नकला कशा होतात ते काकांना ठाऊक आहेच. एका लेखकाची चूक त्याच्या नकलेत उतरते, त्या नकलेच्या नकलांतही राहते, आणि त्या चुकांवरून कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली ते विद्वान शोधून काढतात. पेशीही आपली नक्कल करताना अशाच चुका करतात. गुडघ्यावरच्या पेशींत अशा चुका सापडल्या होत्या, की ज्या तिथे जन्मलेल्या नव्हत्या. त्या कुठल्या तरी जुन्या प्रतीतून आल्या होत्या. गुडघा ही मूळ पोथी नव्हतीच. मूळ शाबूत होते, आणि ते पुन्हा पुन्हा आपल्या नकला पाठवत होते.

"याहून वीस वर्षं जुनी एक चकती तुमच्या अंगावर कुठंतरी आहे काका," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही आठ वर्षांचे असाल. शंभर वर्षांपुढची ग्रहणं सांगणाऱ्या माणसाला हे आठवत नाही, असं मला वाटत नाही."

अच्युतराव पडद्यावरच्या वंशवृक्षाकडे पाहत राहिले. मग खुर्ची थोडी पुढे ओढून डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या, की सांगायचेच नसेल तर न सांगता शोधण्याचीही सोय आहे. डोके भादरावे लागेल, दोन दिवस सर्वांगावर पर्णे ठेवावी लागतील. सापडेल तिथे पुसून टाकू. पुसल्यावर तिथी उरत नाही. कागदावर केवळ उपचार पूर्ण असे लिहिले जाईल. मात्र दोहोंपैकी काहीतरी एक माघाआधी ठरवायला हवे, कारण सांधे थांबणार नाहीत.

म्हणजे वाट मोकळी होती. व्याधी जाईल, लेखणी राहील, रथसप्तमीला उद्यापन होईल. शर्वरीबाई आपल्या पुण्याने पती बरा झाला या समाधानात उरलेले आयुष्य काढतील. कुणाचेही काही बिघडणार नव्हते. अच्युतरावांनी विचार करून कळवतो असे सांगितले आणि ते बाहेर आले. धुक्यात शर्वरीबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. गुडघ्यांपर्यंत त्या दिसतच नव्हत्या, जणू ढगावर उभ्या असाव्यात.

वाईला परतल्यावर दुपारी अच्युतरावांचा डोळा लागला आणि त्यांना स्वप्न पडले. स्वप्नात ते आठ वर्षांचे होते. नुकतीच मुंज झाली होती. आजोबांनी हौसेने उजव्या कानाच्या वरच्या पाळीत भिकबाळी घातली होती, तिचे भोक चिघळले होते, आणि ते बरे होता होता आषाढात कानामागे, केसांच्या कडेशी, एक खरबरीत चकती उठली होती. एवढे तर स्वप्न नव्हते. हे सारे घडलेले होते, आणि त्यांना ते कधीही विसरायला झाले नव्हते. आई करंजाच्या तेलाचे बोट त्या चकतीवरून गोल गोल फिरवीत होती. तिचे बोट कोमट होते. ती म्हणत होती, "केसांखाली आहे, केसांखालीच राहू दे. कुणाला सांगायचं नाही हं राजा." मग स्वप्न पालटले. आई समोर बसून पंचांगाची मुद्रिते वाचू लागली, आणि ते ऐकू लागले. प्रतिपदा. हूं. द्वितीया. हूं. आई वाचत होती, शके १९३१, वैशाख वद्य पंचमी, डावा गुडघा, आमच्या घरात हे नव्हतं. आणि त्यांनी म्हटले, हूं.

ते जागे झाले तेव्हा उन्हाचा एक पट्टा अंथरुणावर पडला होता, आणि त्यात पुन्हा चांदी तरंगत होती.

आईने लपवले, हे खरे होते. पण आई जाऊन अठरा वर्षे झाली होती. स्वयंपाकघराच्या दारात ते वाक्य उच्चारले गेले तेव्हा अच्युतराव पाटावर बसलेले होते. त्या क्षणी एक वाक्य पुरले असते. दहा वर्षांनी त्याच गोष्टीला सबंध दुपार लागली असती. चाळीस वर्षांनी ती सांगायला कुठून आरंभ करावा हेच कळेनासे झाले होते. कानामागचे ते निराळे होते, लहान मुलांना होतो तसा खवडा होता, अशी समजूतही त्यांनी घालून पाहिली होती. ती कधीच फार दिवस टिकली नाही.

पौषात नव्या पंचांगाची मुद्रिते आली. शुद्धिपत्राचे पान नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी छापखान्यातून आले. सकाळची वेळ होती. शर्वरीबाईंनी चष्मा पुसला, पान उन्हाकडे धरले आणि वाचायला आरंभ केला. गतवर्षी आश्विन शुद्ध अष्टमीची समाप्ती दोन पळे कमी छापली गेली होती. हूं. कार्तिकातल्या एका चंद्रोदयात अंकांची अदलाबदल झाली होती. हूं. त्यांचा आवाज सवयीने पुढे सरकला.

"शके १९३१, वैशाख वद्य पंचमी," त्या वाचत होत्या. "पंचांगकर्त्याच्या व्याधीचा आरंभ या तिथीस, त्याच्या विवाहानंतर झाला, असे आजवर सांगण्यात आले. ते चूक आहे. शके १९११, आषाढ मास, उजव्या कानामागे, असे वाचावे."

अच्युतरावांनी हातातल्या प्रतीवरून नजर वर केली नाही. ते म्हणाले, "हूं."

मग शर्वरीबाईंनी ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. ओठ तेवढे हलले. त्यांनी पान मांडीवर ठेवले, त्यावरून हात फिरवला आणि शांतपणे विचारले, "हे तुम्हाला यंत्रानं सांगितलं?"

"नाही. मला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच."

"म्हणजे केतकीच्या हळदीच्या दिवशीही."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. शर्वरीबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि दाराशी, जिथे सासूबाई उभ्या राहिल्या होत्या तिथे, काही वेळ उभ्या राहिल्या. अच्युतरावांना वाटले, त्या रडत असतील. त्या परत आल्या तेव्हा डोळे कोरडे होते आणि हातात लाल शाईची लेखणी होती, मुद्रितशोधनाची.

"आजोबांचा नियम काय होता?" त्यांनी विचारले. "चुकीच्या तिथीला उपवास घडला तर?"

"फळ उपवास करणारीला," अच्युतराव म्हणाले. त्यांचा स्वर जेमतेम ऐकू येत होता. "दोष पंचांगकर्त्याला."

"मग हे शुद्धिपत्र अर्धं आहे. मजकूर गळालाय." त्यांनी लेखणी पुढे केली. "पंचांगकर्त्यास ही चूक ठाऊक होती. हे घाला. सासूबाईंचं नाव नको. त्या गेल्या. त्यांनी एकदाच सांगितलं, तुम्ही रोज गप्प बसलात."

अच्युतराव काही बोलू पाहत होते. हे पान घाटावर मोठ्याने वाचले जाते, काही हजार घरांत जाते, असे काहीसे. शर्वरीबाई म्हणाल्या, "माझा पायगुणही घरोघरी गेला होता. तो कुणी छापला नव्हता, तरी गेला." त्यांनी आवाज चढवला नाही. अच्युतरावांनी वाकड्या बोटांनी, सावकाश, ते वाक्य समासात लिहिले. आयुष्यात त्यांनी लिहिलेले ते सर्वांत लहान गणित होते, आणि त्याला सर्वांत जास्त वेळ लागला.

दोन दिवस त्या त्यांच्याशी कामापुरत्याच बोलल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, की पाचगणीला जाऊ. मात्र पुसण्याआधी ते मला बघायचे आहे.

डॉक्टर बागवानांनी कानामागचे पांढरे केस बाजूला केले. भिंगाखाली ते दिसले. चिंचोक्याएवढी, फिकट, जेमतेम उंचावलेली एक जागा. साठ वर्षे ती केसांखाली निजून होती, आणि निजल्या निजल्या साऱ्या अंगावर आपल्या नकला पाठवत होती. पर्ण ठेवले गेले. तीन प्रहर दोघे समोरासमोर बसून राहिले. बाहेर धुके आले, गेले आणि पुन्हा आले. मग पडद्यावर काळ उमटला, साठ वर्षे, दोन महिन्यांच्या फरकाने.

शर्वरीबाई उठून पडद्याजवळ गेल्या. त्यांनी तो आकडा पाहिला, मग वळून त्या जागेकडे पाहिले. तिथे बोट ठेवले. त्यांचे बोट गार होते.

"इतकंसं?" त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी विचारले, "काकू, नोंद छापून देऊ? पुसल्यावर पुन्हा मिळणार नाही."

"नको. नोंद झालीय आमच्याकडे," शर्वरीबाई म्हणाल्या. "आता पुसा."

रथसप्तमी आली आणि गेली. उद्यापन झाले नाही. ज्यात फेडण्याचे काही नव्हते त्याचे उद्यापन कसले, असे त्यांनी केतकीला फोनवर सांगितले. मग तिने विचारले, की बाबांशी बोलतेस ना. शर्वरीबाई म्हणाल्या, मुद्रिते वाचताना बोलते, बाकीचे हळूहळू बघू. रविवारचे अळणी जेवण मात्र तसेच चालू राहिले. अच्युतरावांनी विचारण्याचे धाडस केले नाही. त्यांचे गुडघे, कोपर, कमर एकामागून एक निवळत गेले. या खेपेला त्यांनी नदीवर उभे राहून ते पाहिले नाहीत.

पाडव्याला घाटावर पंचांगवाचन झाले. नव्या पंचांगाला फुले वाहिली गेली. सकाळच्या पाण्यावर गुढ्यांची प्रतिबिंबे हलत होती. गावची आणि नात्यातली मंडळी पायऱ्यांवर बसली होती, ज्या सुवासिनींनी शर्वरीबाईंना हळदीपासून चाळीस वर्षे दूर ठेवले त्याही त्यांत होत्या. अच्युतरावांनी रीतीप्रमाणे पहिले पान उघडले. अष्टमी वाचली. चंद्रोदय वाचला. मग ते थांबले. पायऱ्यांवरच्या गर्दीत कुणीतरी खाकरले. त्यांनी वर पाहिले. शर्वरीबाई तिसऱ्या पायरीवर हातात हस्तलिखित प्रत घेऊन बसल्या होत्या. वाचणारा आणि ऐकणारा यांच्या जागा आज बदलल्या होत्या.

त्यांनी वाचले. शेवटच्या वाक्यासह, एकही अक्षर न गिळता.

तिसऱ्या पायरीवरून, अगदी स्पष्ट, शर्वरीबाई म्हणाल्या, "हूं."

मग अच्युतरावांनी पान उलटले आणि संवत्सराचे फल वाचायला आरंभ केला.

पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी अच्युतराव जेवायला बसले. रविवारी सारे अन्न अळणीच शिजे आणि त्यांच्या ताटात डाव्या बाजूला मीठ वेगळे वाढलेले असे. त्या दिवशी ते नव्हते. त्यांनी काही न विचारता वांग्याच्या भाजीचा घास घेतला. भाजी खारट झाली होती, चांगलीच. रविवारच्या भांड्यात किती मीठ घालायचे याचा अंदाज चाळीस वर्षांत शर्वरीबाईंच्या हाताला कधी लागलाच नव्हता.

समोर बसून त्यांनीही घास घेतला. तो चावता चावता त्या थांबल्या, आणि कितीतरी वेळाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

"मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या.

"हूं," अच्युतराव म्हणाले, आणि दोघे जेवत राहिले.